एका फुलीचा जून

२०१६ साल. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला एकाहत्तर पुरी झालेली, आईच्या सांगण्याप्रमाणे सत्तर. त्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या आमच्या घरामागचं जर्दाळूचं झाड इतकं लगडलं, की दोन फांद्यांना मी लाकडाचे टेकू दिले. या भागात पूर्वी सगळ्या फळबागाच होत्या म्हणतात. कंपन्या आल्या, घरं उठली, आणि हे एक झाड तोडायचं राहून गेलं ते आमच्या कुंपणात आलं. जर्दाळूचा स्वभाव वाईट. महिनाभर वाट बघायला लावतो आणि मग एका आठवड्यात सगळा एकदम पिकतो. खाऊन संपत नाही, वाटून संपत नाही, आणि खाली पडलेल्यावर गांधीलमाश्या.

यंदाही तसाच पिकलाय. काल दुपारी टोपली घेऊन उन्हात बसलो होतो, फळं चिरून बिया काढत, तेवढ्यात इंग्लंडहून नंदाचा फोन आला. नंदा माझी लेक.

म्हणाली, "अण्णा, नियम बदललाय. देश सोडून कितीही वर्षं झाली असली तरी आता इथलं मत टाकता येतं. तुमचं नाव परत घालू का?"

"नको."

"का हो?"

"नको म्हटलं ना."

ती हसली. मला हसू आलं नाही. जर्दाळूची बी फोडून आतला गर चुकून चावला की कडू होतं तोंड, तसं झालं. दहा वर्षं होत आली, तरी त्या जूनचा राग माझ्या अंगातून गेलेला नाही. आणि तो नक्की कोणावरचा आहे ते मला अजून धड ठरवता आलेलं नाही.

राहतो अमेरिकेत आणि मत इंग्लंडमध्ये, हे कसं, ते आधी सांगतो. मी कोल्हापूरचा. चौथीपर्यंत शाळा. मग फाउंड्रीत. तेविसाव्या वर्षी मी इंग्लंडला गेलो, बर्मिंगहॅमच्या बाजूला, तिथेही फाउंड्रीतच. तेहतीस वर्षं ओतकाम केलं. ओल्या काळ्या वाळूचा वास आजही नाकात आहे. ओतायला तयार झालेल्या लोखंडाचा रंग कसा असतो, विचाराल तर पिकलेला जर्दाळू उघडून बघा, तोच. मुलगा सुधीर आणि नंदा तिथेच जन्मले. पासपोर्ट तिथलाच घेतला. बायको गेली, त्यानंतर वर्षभराने सुधीर मला इकडे घेऊन आला. तो चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येते, त्यात बसून जातो.

तर त्या वर्षी इंग्लंडने ठरवलं, की युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, ते लोकांना विचारायचं. देश सोडून पंधरा वर्षं झाली नव्हती, म्हणून मलाही मत होतं. टपालाने. सुधीरची पंधरा उलटली होती, त्याला नव्हतं. नंदानेच आधी अर्ज भरला, मला सहीला पाठवला, मी सही केली. मेच्या शेवटी पाकीट आलं. एक कागद मताचा, दोन चौकोनांचा. एक कागद सही आणि जन्मतारखेचा. दोन लिफाफे.

पाकीट आठ दिवस मी फ्रिजवर ठेवलं. त्या आठ दिवसांत जो तो मला शहाणं करायला निघाला.

सुधीर लॅपटॉप घेऊन यायचा. "अण्णा, हा ग्राफ बघा. बाहेर पडले तर ट्रेड खाली जाणार. इट्स नॉट रॅशनल."

"आमची फाउंड्री कोणामुळे बंद पडली?"

"युरोपमुळे नाही. ती कुठेही बंदच पडली असती."

"तू होतास तिथे?"

"मी शाळेत होतो, अण्णा."

"मग."

लायब्ररीमागच्या बागेत संध्याकाळी आमचा बाक असतो. मुलांकडे सहा-सहा महिने येणारे आईबाप तिथे जमतात. त्यात नागपूरचे वानखडे होते. त्यांना हे प्रकरण फार आवडलं. "काय सांगता, बाप्पा! राह्यता सनीव्हेलले, अन् इंग्लंडनं काय करावं ते तुम्ही ठरवता! मी इथं सहा महिने पोराची भांडी घासतो, मले तर जेवाले काय करायचं तेही कोणी विचारत नाही." सगळा बाक हसला. मीही हसलो, पण ते मनात राहिलं. बोलणं गमतीचं होतं आणि खरं होतं.

नंदाचं मात्र गमतीचं नव्हतं. तिचा नवरा आग्नेल. म्हापशाचा. त्याचे आजोबा गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना जन्मले, त्या जोरावर त्या सगळ्या घराने पोर्तुगालचे पासपोर्ट काढले. पोर्तुगाल त्याने पाहिलं ते कागद घेण्यापुरतं, चार दिवस. पण त्या पासपोर्टवर तो सरळ इंग्लंडला येऊन स्विंडनला राहिला. वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. इंग्लंड संघात आहे तोवर त्याला कोणी विचारणार नव्हतं. बाहेर पडलं तर पुढे काय, ते तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. नुकतंच हप्त्यावर घर घेतलेलं. नंदाला झोप लागत नव्हती.

आणि गंमत बघा. आग्नेलला मत नव्हतं. दहा वर्षं तिथे राहून, तिथे कर भरून नव्हतं. हिंदुस्थानचा पासपोर्ट ठेवला असता तर मिळालं असतं, कारण हिंदुस्थानच्या माणसाला तिथे राहत असला की मत आहे. युरोपच्या माणसाला नाही. ज्याच्या राहण्याचा प्रश्न त्याला विचारायचं नाही, आणि मी, सहा वर्षांपूर्वी पेटी उचलून निघून आलेला, मला घरपोच पाकीट.

नंदा फोनवर म्हणाली, "अण्णा, आमच्या घरात माणसं दोन आणि मत एक. तुमचं मत आग्नेलच्या नावाने टाका. त्याचं म्हणून."

"मत म्हणजे काय वाटीभर साखर आहे, शेजाऱ्याने मागितली की द्यायला?"

"तो शेजारी आहे का? तुमचा जावई आहे."

"मत माझं आहे. ते मी माझ्या डोक्याने टाकणार."

"तुम्हाला तिथे बसून काय फरक पडतो? भोगायचं आम्ही."

"तेहतीस वर्षं मी भोगलंय. तुझ्या जन्माच्या आधीपासून."

तिने फोन ठेवला. इंग्लंडमध्ये वाढलेली मुलगी, पण राग अगदी आईसारखा, आधी आवाज खाली जातो.

मी काय भोगलं ते मुलांना पाठ आहे, त्यांना आता कंटाळा येतो. वाचणाऱ्याला येऊ नये. मी विमानतळावर उतरलो तेव्हा छातीचा फोटो काढला, तासभर भिंतीकडे तोंड करून बाकावर बसवलं. शालनला, माझ्या बायकोला, आणायचं म्हटलं तर तीन वर्षं लागली. तिला इंग्लंडच्या मुंबईतल्या कचेरीत बोलावून विचारलं, सासरी म्हशी किती? ती म्हणाली तीन. मी इंग्लंडहून कागदावर दोन लिहिल्या होत्या. मधल्या काळात थोरल्या भावाने एक विकत घेतली होती आणि ते पत्र मला पोचलं नव्हतं. साहेबाने ठरवलं, ही याची बायको नव्हेच. एका म्हशीपायी आमच्या संसाराचं एक वर्ष गेलं. ते वर्ष मी एका खोलीत चौघांबरोबर काढलं, पाव आणि उकडलेले बटाटे खात. आणि त्याच फाउंड्रीत पुढे पुढे युरोपातली पोरं यायला लागली, सुट्टीवर आल्यासारखी, खिशात हात घालून. त्यांच्या बायकांना कोणी म्हशी विचारल्या नाहीत.

तरी ते मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते नंदाच्या लग्नातलं. आपल्यात नवरीच्या मागे मामा उभा राहतो. शालनचा एकच भाऊ, बाबू. त्याला व्हिसा नाकारला. शेती लहान, बँकेत पैसे थोडे, परत जाईल याची खात्री नाही, असं लिहिलं. बाबू! जो माणूस पुण्याला गेला तर संध्याकाळच्या गाडीने परत येतो, म्हशीचं दूध काढायचं असतं म्हणून. आणि त्याच सकाळी लिस्बनहून आग्नेलचे चुलतभाऊ बसभर आले, गिटार वाजवत उतरले. त्यांना ना व्हिसा, ना प्रश्न. भटजी म्हणाले, मामा कुठाय? शेवटी त्यातल्याच एका उंच पोराला कोणीतरी फेटा बांधला आणि नंदाच्या मागे उभं केलं. भला मुलगा. अक्षता टाकायच्या की खायच्या तेही त्याला माहीत नव्हतं. शालन पूर्ण लग्नभर त्याच्या फेट्याकडे बघत होती. पुढच्या वर्षी ती गेली. भाऊ भेटला नाही तो नाहीच.

आता कोणी म्हणेल, अहो, बाबूला व्हिसा नाकारला तो इंग्लंडने, युरोपने नव्हे. सुधीर हेच म्हणाला. बरोबर आहे. मी अडाणी असेन, पण एवढं मला कळतं. पण दार एकच असतं. एका बाजूने सताड उघडं ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूने माणसं रोखून आकडा जमवायचा, असं मला तेव्हा वाटत होतं. बाहेर पडले तर सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतील. बाबूही रांगेत, लिस्बनचाही रांगेत. प्रचाराचे लोक टीव्हीवर तसंच बोलत होते. त्यांचं खोटं होतं की खरं, ते आता विचारून काय उपयोग.

आणि हेही खरं, की एकत्र राहणं मोडतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. वडील गेले तेव्हा शालन अजून गावीच होती; मी रजेवर गेलो आणि आम्ही भाऊ वेगळे झालो. पंच बसले, आम्हा तिघांना विचारलं, तिघांनीही मान डोलावली. जमीन वाटली, भांडी वाटली. विहीर वाटता येईना. मग पाळ्या लावल्या, मोटारीच्या तासांवरून पुढे वीस वर्षं पत्रांतून भांडलो. ज्या बायकांना त्या तिन्ही चुली फुंकायच्या होत्या, त्यांना त्या बैठकीत कोणी विचारलंच नाही. शालन दाराआड उभी होती. हे मला फ्रिजवरचं पाकीट बघताना आठवायचं आणि मी चिडायचो. कारण आठवण नंदाच्या बाजूने बोलत होती.

खरा राग त्या कागदावरच होता. दोनच चौकोन. राहा किंवा निघा. एवढ्या मोठ्या देशाचा एवढा मोठा संसार, आणि विचारायचं असं, जसं हॉटेलात चहा की कॉफी. मला तिसरा चौकोन हवा होता. आग्नेलला राहू द्या, आणि बाबूलाही येऊ द्या. तो कोणी छापला नव्हता.

आठव्या दिवशी सकाळी मी पाकीट खाली काढलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुधीर कॉफी पीत होता. "मी बघत नाही हं, अण्णा, सीक्रेट बॅलट," म्हणून पाठ फिरवून उभा राहिला. मी चष्मा पुसला. खालच्या चौकोनात फुली मारली. बाहेर पडण्याच्या. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरंच वाटलं. कोणीतरी पहिल्यांदा मला विचारलं होतं आणि मी कोणाचं न ऐकता सांगितलं होतं.

मग दुसरा कागद. सही केली. खाली जन्मतारीख.

माझी कागदोपत्री जन्मतारीख एक जून. आमच्या अख्ख्या वर्गाची एक जून. मास्तरांनी नाव घालताना विचारलं, पोरगं कधीचं? आई म्हणाली, दत्तजयंतीचं, पाळण्याच्या वेळचं. मास्तरांनी एक जून लिहिलं आणि पुढचा पोरगा घेतला. माझं नाव दत्तात्रय आहे ते काय जूनमध्ये जन्मलो म्हणून? माझं नावच माझी तारीख सांगतंय, पण साठ वर्षं मी प्रत्येक सरकारी कागदावर मास्तरांची तारीख लिहीत आलो. सुधीरने कधीतरी कॉम्प्युटरवर त्या वर्षीची तिथी शोधून खरी तारीख काढून दिली होती, अठरा डिसेंबर. त्या सकाळी मनात आलं, आज मत माझं आहे, तर तारीखही माझीच घालू. आणि घातली. अठरा डिसेंबर. लिफाफा चिकटवला आणि चालत जाऊन पेटीत टाकला. येताना जर्दाळूचे पहिले दोन पिकलेले तोडले आणि उभ्याउभ्याच खाल्ले.

अर्जावर नंदाने पासपोर्ट बघून एक जून भरलं होतं. ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

दोन तारखा जुळल्या नाहीत म्हणून तुमचं मत मोजलं गेलं नाही, असं पत्र पानगळीच्या दिवसांत आलं. सुधीरने वाचून दाखवलं आणि हसू दाबत म्हणाला, "अण्णा, म्हणजे तुमचं व्होट कचऱ्यात." मी त्याच्या हातातून पत्र काढून घेतलं. पुन्हा म्हशीच. कागदावर दोन, तोंडात तीन. तेव्हा साहेबावर चिडलो होतो, या वेळी चिडायला मीच सापडलो. ते पत्र माझ्या पेटीत आहे. नंदाला ते दाखवलेलं नाही, सुधीरलाही बजावलंय. दाखवलं तर ती म्हणेल, चला अण्णा, म्हणजे तुम्ही काही केलंच नाहीत, सुटलात. मला असं सुटायचं नाही. मोजली नसेल, पण फुली मी मारली होती.

पण हे पुढचं. जूनमध्ये मला यातलं काही माहीत नव्हतं. मत पेटीत पडल्यावर दोन दिवसांनी नंदाने विचारलं, "टाकलं, अण्णा?"

"टाकलं."

"थँक यू. खरंच थँक यू." आणि तिचा आवाज असा निवळला, की पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तिने गृहीत धरलं. मी धरू दिलं. तेवढ्या एका क्षणात सांगितलं असतं तर भांडण झालं असतं आणि मिटलं असतं. पण सत्तर वर्षांचा बाप लेकीच्या थँक यूला घाबरला.

मग पंधरा दिवस मी जर्दाळूत डोकं घातलं. जुन्या खिडक्यांच्या जाळ्या धुऊन विटांवर आडव्या टाकल्या, त्यावर अर्धी केलेली फळं मांडली, चिरलेली बाजू वर. सकाळी उन्हात सरकवायची, संध्याकाळी गोळा करून आत न्यायची. कॅलिफोर्नियाचं ऊन कोरडं, तीन-चार दिवसांत फळ आक्रसतं, कडा कानाच्या पाळीसारख्या मऊ होतात. वासाने घर भरलं. सून म्हणाली, "अण्णा, एवढं कोण खाणार?" मी म्हटलं, नंदाला पाठवतो. दोन किलोचा खोका भरून पाठवलाही. आग्नेलचा मेसेज आला, फोटोसकट, डबा उघडा आणि त्याच्या तोंडात जर्दाळू: "अण्णा, एकदम बेस्ट हां! नंदाला देणार नाही." तो फोटो मी बघितला आणि फोन उलटा ठेवला. तो माणूस मला आयुष्यात एक वाकडा शब्द बोललेला नाही. शालनच्या आजारपणात तो शनिवार-रविवार गाडी चालवून यायचा, तिच्यासाठी पेज करायचा. हे मला मत टाकताना आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. मी ते बाजूला ठेवलं होतं, कारण मला वाटत होतं की एका माणसाच्या चांगुलपणावर देशाचा निर्णय करू नये. आजही मला ते चूक वाटत नाही. तेच तर माझं दुखणं आहे. चूक वाटलं असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो.

निकालाचा दिवस. इंग्लंडमध्ये पहाट होत होती आणि आमच्याकडे आदल्या दिवसाची दिवेलागण, बाहेर अजून उजेड. सुधीर टीव्हीसमोर उभाच होता. आकडे वरखाली होत होते. मग बातम्यांतल्या माणसाने सांगून टाकलं, बाहेर पडणारे जिंकले. सुधीर म्हणाला, "शिट, अण्णा. दे डिड इट." आणि मला वाटलं होतं की काहीतरी वाटेल. जिंकलो होतो ना. काहीच वाटलं नाही.

पाच मिनिटांत फोन वाजला. नंदा रात्रभर जागी होती. "अण्णा, गेलं सगळं." मागून आग्नेलचा आवाज, "नंदा, चहा घे गो, कोण मेलं नाय." ती रडत होती, तशीच म्हणाली, "हरलो आपण. पण तुमचं आणि माझं, दोन मतं तरी होती आपली. आग्नेल म्हणतोय, अण्णांना थँक्स सांग."

मी म्हटलं, "हं."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"हं. झोप आता."

फोन ठेवला. सुधीरने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही. नेहमीसारखा नऊ वाजता अंथरुणावर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला उठलो. आंघोळ केली, देवाला हात जोडले, काही मागितलं नाही. सुधीर कंपनीच्या बसने गेला. साडेसहाला मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून स्वतः नंबर फिरवला. तिकडे दुपार. नंदा कामावर गेली नव्हती, तिनेच उचलला.

"नंदा, मध्ये बोलू नकोस. मी बाहेर पडायच्या चौकोनात फुली मारली होती. काल सांगायला पाहिजे होतं. त्याच्या आधीच सांगायला पाहिजे होतं."

पलीकडे घरातले आवाज, नळाचा, कपाट बंद झाल्याचा. म्हशी, बाबू, फेटा, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. एकही शब्द काढला नाही. तिने 'का' विचारावं म्हणून थांबलो. तिने विचारलं नाही. मग फोन तोंडापासून लांब धरून म्हणाली, "आग्नेल, अण्णा आहेत. त्यांना तुला काहीतरी सांगायचंय."

मी असं काही म्हटलं नव्हतं.

"हां अण्णा, बोला," आग्नेल आला. "चहा झाला काय?"

मी खुर्चीवरून उठलो, आणि तेच वाक्य त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.